इरिम करून ठेवा

मूल भिंतीला धरून उभं राहायला लागलं, दोन पावलं टाकून धपकन बसायला लागलं, की कझाक घरात त्याचे पाय बांधतात. काळ्या आणि पांढऱ्या लोकरीचा पीळ दिलेली दोरी दोन्ही घोट्यांना सैलसर गुंडाळायची, मूल बावचळून बघत असतानाच कोणीतरी पुढे येऊन ती सुरीनं किंवा कात्रीनं कापायची, आणि मग दोन्ही हात धरून त्याला पसरलेल्या पांढऱ्या कापडावरून चालवायचं. वरून गोळ्या, नाणी, वाळवलेल्या दह्याचे गोळे उधळायचे. या विधीला ‘तुसाउ केसु’ म्हणतात. घोडा चरायला सोडताना त्याच्या पुढच्या पायांना घालतात तो पायबंद म्हणजे ‘तुसाउ’, आणि ‘केसु’ म्हणजे कापणं.

दोरी कोणी कापायची, यावर घरात खल होतो. चालायला चपळ, कामाला झपझप, शिवाय स्वभावानं बरा असा माणूस लागतो, कारण मूल त्याच्यासारखं चालणार. मग कोणाची तरी मावशी निवडली जाते आणि कोणाची तरी आत्या मनातल्या मनात रुसते. पांढऱ्या कापडाच्या टोकाला हल्ली पुस्तक, चाबूक, दोंब्रा नावाचं तंतुवाद्य अशा वस्तू मांडतात आणि मूल कशाला हात घालतं ते सगळे श्वास रोखून बघतात. दोंब्रा उचललं तर बाप हसतो, पण त्याला पुस्तक हवं होतं हे चेहऱ्यावर दिसतं.

मला खरा रस त्या दोरीत आहे. काळ्या-पांढऱ्या पिळाच्या दोरीला ‘आला जिप’ म्हणतात, म्हणजे कबरी दोरी. कझाकांत म्हण आहे की दुसऱ्याची कबरी दोरी ओलांडू नये. परक्याच्या मालाला हात लावू नये, असा तिचा अर्थ. गवताळ मैदानावर कुंपण नसतं आणि कुलूपही नसतं. जनावर बांधलेली दोरी हीच मालकीची खूण. जे पोर अजून धड चालतही नाही, त्याच्या पायातून ती दोरी कापून काढतात, म्हणजे आयुष्यभर त्याचे पाय कोणाच्या दोरीवरून जाऊ नयेत. चालायला शिकवणं आणि चोरी करू नकोस हे सांगणं, दोन्ही कात्रीच्या एकाच घावात उरकलं जातं.

हे सगळं काय आहे, असं त्या घरातल्या आजीला विचारलं तर ती एका शब्दात सांगेल : इरिम.

या शब्दातला ‘इ’ आपल्या ‘इ’सारखा नाही. जीभ थोडी मागे ओढून, ‘इ’ आणि ‘अ’ यांच्या मधे कुठेतरी तो उमटतो. शब्दकोश त्याच्यासमोर बेधडक ‘अंधश्रद्धा’ असा अर्थ लिहितात. रशियन कोशात त्याच्यासमोर जो शब्द येतो त्याचा मूळ अर्थ ‘व्यर्थ विश्वास’ असा आहे. माझी पहिली ओळख अशाच एका कोशातून झाली, आणि पुढे कझाक घरांमधल्या समारंभांची वर्णनं वाचत गेलो तसा तो अर्थ कुठेच बसेना. कारण इरिम या शब्दाबरोबर सहज येणारं क्रियापद आहे ‘करणं’. इरिम करतात. एखादी गोष्ट ‘इरिम म्हणून’ करतात. ‘इरिम करून ठेवा’ असं थोरली बाई सांगते, त्यात तुमच्या मनात श्रद्धा आहे की नाही याची चौकशी नसते. आंधळी का डोळस, हा प्रश्न तर फार पुढचा.

गंमत अशी की कझाक भाषेत अंधश्रद्धेला दुसराही शब्द आहे, आणि तो थेट आपल्यासारखा बनलेला आहे : ‘सोकिर सेनिम’. सोकिर म्हणजे आंधळा, सेनिम म्हणजे विश्वास. अंधश्रद्धा! वर्तमानपत्रांतले लेख, शाळेतली भाषणं, धर्मगुरूंचे उपदेश यांत हा शब्द भेटतो. आजी तो वापरत नाही. आजीच्या तोंडी इरिम असतो, आणि त्याच्या जोडीला ‘तियिम’. तियिम म्हणजे मनाई, ‘थांबवणं’ या अर्थाच्या धातूपासून झालेला शब्द. हे दोन्ही जोडून ‘इरिम-तियिम’ असा जोडशब्द होतो. करायच्या गोष्टी आणि करायच्या नाहीत अशा गोष्टी. आपल्याकडे धर्मशास्त्रात विधिनिषेध म्हणतात, पण त्याला पोथीचा वास येतो. इरिम-तियिमला पोथी नाही.

शब्दाचं मूळ शोधायला गेलं की बरंच जुनं काही हाती लागतं. किरगिझ भाषेत हाच शब्द आहे, उझबेक आणि उइघुर भाषांत थोड्या वेगळ्या उच्चारानं आहे. जुन्या तुर्की भाषेत शकुनाला ‘इर्क’ म्हणत. अकराव्या शतकात महमूद अल्-काश्गरीनं बगदादेत बसून तुर्की बोलींचा जो मोठा कोश केला, त्यात हा शब्द आहे. त्याहून जुनी एक चिमुकली पोथी आहे, ‘इर्क बितिग’, म्हणजे शकुनांचं पुस्तक. 1907 साली पुरातत्त्वज्ञ ऑरेल स्टाइन चीनमधल्या दुन्ह्वांगच्या सहस्रबुद्ध लेण्यांतून जे बाड घेऊन गेला, त्यात ती होती. आज ती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. जुन्या तुर्की खोदीव लिपीत, पण कागदावर शाईनं लिहिलेली. तिच्यात 65 शकुन आहेत. चार बाजूंचा फासा तीनदा टाकायचा आणि आलेल्या आकड्यांसमोरचा शकुन वाचायचा. बहुतेक शकुनांच्या शेवटी निकाल ठेवलेला असतो : हे चांगलं, हे वाईट. जुन्या मंगोल भाषेतही शकुनाला ‘इरुआ’ असा शब्द होता. तेव्हा कोणी कोणाकडून काय घेतलं याचा निवाडा एका वाक्यात उरकू नये. कझाक माणसाला मात्र या शब्दात आणखी एक शब्द ऐकू येतो : ‘इरिस’, म्हणजे बरकत. चांगला शब्द म्हणजे अर्धी बरकत, अशी त्यांची एक आवडती म्हण आहे. व्युत्पत्तीच्या शास्त्राला कानाची साक्ष चालत नाही, पण भाषा बोलणारे लोक बहुतेक वेळा कानावरच जातात.

या शब्दाची पहिली शहाणी दखल घेतली ती शोकान उआलिखानोव्हनं. 1835 चा जन्म, कझाकांच्या अबलाइ खानाचा पणतू, ओम्स्कच्या रशियन लष्करी शाळेत शिकलेला, दोस्तोयेव्स्कीचा मित्र. व्यापाऱ्याचं सोंग घेऊन हा माणूस 1858 साली काश्गरला पोचला आणि जिवंत परत आला. 1865 मध्ये, तिशीही गाठली नव्हती तेव्हा, गेला. कझाकांमधल्या शामानी धर्माच्या खुणांवर आणि ‘तेन्ग्री’ या आकाशदेवतेवर त्यानं टिपणं लिहिली आहेत. त्यांत इरिमबरोबर आणखी दोन शब्द येतात. ‘किये’ म्हणजे एखाद्या वस्तूत, प्राण्यात, जागेत असलेलं सत्त्व. हंसाला किये आहे, अग्नीला आहे. आणि ‘केसिर’ म्हणजे त्या सत्त्वाचा मान राखला नाही की जे भोगावं लागतं ते. इरिम म्हणजे किये सांभाळायची आणि केसिर टाळायची रीत, अशी ही सांगड आहे. शोकान युरोपीय शिक्षण घेतलेला होता, स्वतः यातलं फारसं मानत नसावा असं त्याच्या लिखाणाच्या सुरावरून वाटतं. पण तो हसत नाही. आपल्या आजीनं चुलीत चरबीचा थेंब का टाकला, हे त्याला नीट लिहून ठेवायचं होतं.

तो चरबीचा थेंब अजून पडतो. नवी नवरी सासरच्या घरात आली की चुलीत तूप किंवा चरबी ओतते आणि बायका अग्नीला आई म्हणून हाक मारून आशीर्वाद मागतात. आगीनं शुद्ध करण्याची रीत या मुलखात फार जुनी आहे. सहाव्या शतकात बायझंटाइन सम्राटाचा दूत झेमार्कस तुर्क खानाच्या भेटीला गेला, तेव्हा त्यालाही आधी ढोल वाजवत, धूप जाळत आगीतून नेलं होतं. आज अल्माटीच्या बाजारात ‘आदिरास्पान’च्या वाळक्या जुड्या विकायला असतात. आपल्याकडच्या काष्ठौषधीच्या दुकानात हिला हरमल म्हणतात. घरात पडसं आलं, भांडण झालं, नवा पाहुणा येऊन गेला, बाळ रात्रभर किरकिरलं, की धुरी द्यायची. आणि शिकलेली सून नाक मुरडत का होईना, खिडक्या लावून घेते.

इथे एक इशारा दिला पाहिजे. या सगळ्याचं शास्त्रीय कारण सांगणारी माणसं तिकडेही उगवली आहेत. धुरात जंतू मरतात, म्हणून पूर्वजांनी धुरी सांगितली. रात्री नखं काढू नयेत, कारण पूर्वी दिवे नव्हते. मला या माणसांचा कंटाळा येतो. पिंपळ रात्रीही प्राणवायू सोडतो असं सांगून वटपौर्णिमेपासून उपासापर्यंत सगळ्याला प्रयोगशाळेचा दाखला मिळवून देणारे आपल्याकडचे वक्ते याच जातीचे. त्यांना परंपरा आवडते आणि तिची लाजही वाटते. काही मनायांमागे उपयोग उघड दिसतो, हे खरं. विहिरीत थुंकू नये, एकटं उभं असलेलं झाड तोडू नये. हिरवं गवत उपटू नये, उपटलंस तर तूही हिरवेपणीच सुकशील. जिथे गवतावर मेंढरं जगतात आणि मेंढरांवर माणसं, तिथे याला प्रयोगशाळा कशाला हवी? पण गुडघे कवटाळून बसू नये, कमरेवर हात ठेवू नये, हनुवटीला हात लावून बसू नये, यांचं काय शास्त्रीय कारण देणार? ती सगळी शोक करणाऱ्या बाईची बसण्याची-उभं राहण्याची ढब आहे. कमरेवर हात टेकून मृताचा विलाप गातात. एरवी तसं उभं राहिलात तर तुम्ही न आलेल्या मरणाचा अभिनय करताय. शरीराला जे वळण लावाल ते खरं होतं, एवढंच त्यामागचं म्हणणं. आणि हेच म्हणणं उलट्या बाजूनं इरिममध्ये असतं. जे व्हावंसं वाटतं त्याचा छोटासा अभिनय आधीच करून ठेवायचा.

आपल्याकडे रिकामा पाळणा हलवू नये म्हणतात. कझाक आजीही अगदी हेच सांगते. ‘बेसिक’ म्हणजे त्यांचा लाकडी पाळणा, तो रिकामा झुलवू नये. दोघींची कधी गाठ पडली नसेल, पण दोघींनी पुरलेली बाळं सारखीच.

कझाक नावांत ती बाळं दिसतात. ‘तुरसिन’ म्हणजे राहू दे, जगू दे. ‘तोक्तार’ म्हणजे थांबेल, टिकेल. आधीची मुलं गेली की पुढच्याला असं नाव ठेवायचं. किंवा ‘कुशिक’ ठेवायचं, म्हणजे कुत्र्याचं पिल्लू, म्हणजे मरणाचं लक्ष जाणार नाही. धोंडू, दगडू ही नावं ज्यांच्या घरात होऊन गेली त्या मराठी वाचकाला याचं स्पष्टीकरण लागत नाही. बाळाचा पहिला अंगरखा ‘कुत्र्याचा अंगरखा’ म्हणून ओळखला जातो. चाळीस दिवस झाले की त्यात गोड खाऊ बांधून तो कुत्र्याच्या गळ्यात अडकवतात, कुत्रा पळतो, गावातली पोरं आरडाओरडा करत त्याच्या मागे लागतात आणि खाऊ लुटतात. तो अंगरखा मग मूल हवं असलेली एखादी बाई मागून नेते. भीती, खेळ आणि शेजारधर्म यांची इतकी चांगली मोट मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

याच न्यायानं, नव्वदी गाठून गेलेल्या म्हातारीच्या मयताला कापडाचे तुकडे फाडून वाटतात, आणि माणसं ते घरी नेतात. तेवढं वय आपल्यालाही मिळावं. मेजवानीहून परतताना उरलेल्या गोडाधोडाची पुडी मिळते ती ‘सारकित’. घरच्या पोरांना ती आनंदाच्या घरातली म्हणून द्यायची. नामांकित गायक गावात आला तर आई बाळाला पुढे करून त्याला बाळाच्या तोंडात थुंकायला सांगायची, म्हणजे गळा उतरेल. हे शेवटचं आता डॉक्टर ऐकून घेणार नाहीत, आणि डॉक्टरांचंच खरं आहे. काम सुरू करायला बुधवार चांगला. अल्माटीच्या काचेच्या इमारतींतही करारावर सही करायचा दिवस बुधवारवर ढकलणारे लोक आहेत, आणि त्यांना त्यात काही चुकल्यासारखं वाटत नाही.

पण इरिम म्हणजे काय हे मला ज्यावरून उमगलं, ती गोष्ट नानची आहे. नान म्हणजे भाकरी, पाव, अन्नच. नानवर पाय पडू द्यायचा नाही, नान पालथा ठेवायचा नाही, घरात आलेल्यानं नानचा तुकडा तोंडात घातल्याशिवाय जायचं नाही. आणि कोणी लांब निघालं, विशेषतः सैन्यात, तर अख्ख्या नानला एक चावा मारून जायचं. चावलेला नान घरी राहतो. तो कापडात बांधून उंच टांगून ठेवतात. गेलेल्याचं अन्न या घरात शिल्लक आहे, ते त्याला परत बोलावील. तो आला की उरलेला नान त्यानंच खायचा, नाहीतर सगळ्यांनी मिळून खायचा.

दुसऱ्या महायुद्धात कझाकस्तानातून सुमारे 12 लाख लोक आघाडीवर गेले. त्यातले 6 लाखांच्या आसपास परत आले नाहीत. त्याआधी दहा वर्षंही झाली नव्हती, 1930 ते 1933 च्या दुष्काळात याच प्रदेशात सुमारे 15 लाख माणसं भुकेनं मेली होती, त्यांत बहुतेक कझाक. सोव्हिएत सरकारनं कळप काढून घेतले होते, फिरती माणसं एका जागी बसवली होती. त्या दुष्काळातून वाचलेल्या बायकांनी युद्धाला जाणाऱ्या पोरापुढे नान धरला आणि अन्न खायचं सोडून टांगून ठेवलं, हे वाचताना मी पुस्तक मिटून ठेवलं होतं.

त्या चावलेल्या नानांपैकी निम्मे खाली उतरलेच नाहीत. शकुन हा भविष्य सांगणारा प्रकार असता तर हा त्याचा उघड पराभव होता आणि 1945 नंतर एकाही कझाक आईनं पुन्हा नान पुढे केला नसता. तसं झालं नाही. आजही सैन्यात निघालेल्या पोराला चावा मारायला लावतात. चावा मारला म्हणून तो परत येईल असं आईनं म्हटलेलंच नव्हतं. तिनं केलं ते एवढंच, की तो परत येण्याच्या बाजूला तिच्या हातून जे करता येण्यासारखं होतं ते करून ठेवलं. ज्याला ‘विश्वास’ म्हणतात तो यात कुठे आहे, ते मला सापडत नाही. आणि जिथे विश्वासच सापडत नाही तिथे त्याला आंधळा तरी कसा म्हणायचा?

सोव्हिएत काळात या सगळ्याला जुन्याचा उरलेला गाळ म्हणून हिणवलं गेलं. नौरिझ हा वसंताचा सण 1926 मध्ये बंद पडला तो 1988 मध्ये पुन्हा उघडपणे साजरा झाला. त्यानंतर आलेल्या कडक धर्मोपदेशकांनी दुसऱ्या टोकाकडून तीच मोहीम चालवली. झाडाला चिंधी बांधणं, बाळाच्या टोपीला घुबडाचं पीस शिवणं, हरमलची धुरी, हे सगळं त्यांच्या लेखी अल्लाला भागीदार जोडणं. निरीश्वरवादी आणि ईश्वरवादी दोघांच्याही हातात काठी एकच : सोकिर सेनिम. त्या काठीखाली आजी फार बिथरली असं दिसत नाही. धुरी देताना ती ‘बिस्मिल्ला’ म्हणते आणि घुबडाचं पीस तिथेच राहतं. (घुबड कझाकांत शुभ आहे. आपल्याकडे त्याला लक्ष्मीचं वाहन करून ठेवलं, आणि ते दारातल्या झाडावर बसलं की दगड मारायला धावतो.)

एवढं सगळं गोड बोलून झाल्यावर उंबऱ्यापाशी यावंच लागतं.

उंबऱ्यावर पाय देऊ नये, ही या मुलखातली सगळ्यात जुनी नोंदलेली मनाई असेल. तेराव्या शतकात फ्रेंच राजाच्या बाजूनं विल्यम ऑफ रुब्रुक हा पाद्री मंगोल खान मोंगकेच्या छावणीत पोचला. बाहेर पडताना त्याच्या सोबत्याचा पाय उंबऱ्याला अडखळला. त्याला तिथल्या तिथे पकडलं. या परदेशी माणसांना आधी कोणी बजावलं नव्हतं म्हणून तो वाचला, पण खानाच्या तंबूत पुन्हा पाऊल टाकायची त्याला मनाई झाली. साडेसातशे वर्षांनी कझाक आजी नातवाला तेच सांगते. उंबऱ्यावर पाय देऊ नकोस, दारात उभा राहू नकोस.

आणि याच उंबऱ्याचा उपयोग मुलगी पळवून आणणारे करतात. ‘आलिप काशु’ म्हणजे उचलून पळणं. मुलीला बळजबरीनं घरात आणतात, डोक्यावर रुमाल टाकतात, ती निघून जायला लागली की घरातली म्हातारी उंबऱ्यावर आडवी पडते. थोरल्या माणसाला ओलांडून जाणं म्हणजे केसिर, आयुष्यभराचा शाप. दार उघडंच असतं. मुलीला कोणी हातानं धरलेलंही नसतं. तिला अडवतं ते लहानपणापासून तिनं स्वतः पाळलेलं तियिम. आदिलखान येर्झानोव्हचा 2020 चा एक चित्रपट धाकट्या बहिणीला अशाच लग्नातून सोडवायला निघालेल्या बाईवर आहे. तिचं नाव, आणि चित्रपटाचंही, ‘उलबोलसिन’. म्हणजे ‘मुलगा होऊ दे’. मुलींच्या पाठीवर आणखी मुलगी झाली की तिला हे नाव ठेवायचं, पुढचा तरी मुलगा यावा म्हणून. हेही इरिमच. साताऱ्यात 2011 साली जिल्हा प्रशासनानं अडीचशेहून जास्त ‘नकुशीं’ची नावं एका कार्यक्रमात बदलली होती. त्या मुलींना उलबोलसिनचं दुखणं भाषांतराशिवाय कळलं असतं.

तेव्हा इरिम हा शब्द निवाडा करत नाही म्हणून निवाडा करायचाच नाही, असं कोणी म्हणत असेल तर ते मला मान्य नाही. तुसाउ केसु आणि उंबऱ्यावर आडवी पडलेली म्हातारी एकाच शब्दात मावतात, ही त्या शब्दाची अडचण आहे. पण ‘अंधश्रद्धा’ या शब्दातही दोन्ही एकाच खणात पडतात, आणि तिथे तुसाउ केसुवर अन्याय होतो. शब्दाची ही अडचण महाराष्ट्रानंही एकदा अनुभवली आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात खून झाला, आणि ज्या कायद्यासाठी ते वर्षानुवर्षं झगडले तो त्यानंतर आला. त्याचं लांबलचक नाव नरबळी, अनिष्ट व अघोरी प्रथा आणि जादूटोणा यांच्याबद्दल आहे. त्यात अंधश्रद्धेची व्याख्या नाही. अनुसूचीत एकेक कृत्य लिहिलं आहे : काय केलं, कोणाला केलं, कशी इजा झाली. कोणाच्या मनात काय आहे ते कायद्यानं विचारलं नाही, हातांनी काय केलं ते विचारलं. टीका करणाऱ्यांना ही कायद्याची कमजोरी वाटली. मला ते त्याचं शहाणपण वाटतं. कझाकस्ताननंही 2025 मध्ये जबरदस्तीच्या लग्नाला फौजदारी कायद्यात स्वतंत्र गुन्हा ठरवलं, म्हातारीच्या शापावर काही न बोलता. इरिम ही करण्याची गोष्ट असेल तर तिचा हिशेबही करण्यावरूनच मांडला पाहिजे : नान टांगला तर भूक कोणाची, आणि मुलीला उलबोलसिन म्हटलं तर आयुष्यभर ते नाव ऐकायचं कोणी.

डॉक्टरकी शिकायला आपल्याकडची पुष्कळ मुलं हल्ली अल्माटीला, कारागांडाला, सेमेयला जातात. एजंटाच्या माहितीपत्रकात फी आणि वसतिगृहाचं जेवण यापलीकडे काही नसतं. तिकडे कोणी निघालं असेल तर त्यांना एवढं सांगा. वर्गातला मित्र घरी बोलावील, तेव्हा उंबरा ओलांडून आत जा, त्यावर पाय देऊ नका. शिट्टी वाजवू नका. पोट भरलं असलं तरी नानचा एक तुकडा तोंडात टाका. आणि निघताना त्याची आई सारकितची पिशवी हातात देईल, तिला ‘नको, नको’ म्हणू नका. तुम्ही शाकाहारी असाल तर आधीच सांगून ठेवा, ती पिशवीत नुसते बौर्साक, म्हणजे तळलेल्या पिठाचे गोळे, भरून देईल.